चोवीस भाराचा पेला : फोंडा तालुक्यातील एका घरच्या चांदीच्या भांड्याचे प्रकरण

फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या घराच्या वाटण्या चालू होत्या. वडील गेल्यावर तीन भावंडांत इन्व्हेंटरीचे काम कोर्टात सुरू झाले. जमीन, कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि घराचे खण यांची यादी झाली, मग देवघरातली व कपाटातली चांदी मोजायला घेतली. यादीत एका वस्तूपुढे एवढेच लिहिले होते : ‘चांदीचा मग, कानासहित, एक नग, वजन ३६४ ग्रॅम.’ पुढे त्या दिवसाच्या भावाने किंमत.

गोव्यात वारसाहक्काच्या कामात ही यादी महत्त्वाची असते. यादीतल्या वस्तूवर वारस आपसांत बोली लावू शकतात आणि ज्याची बोली वरचढ त्याच्या वाट्याला ती वस्तू जाते. म्हणजे यादीत जे लिहिले तेच त्या वस्तूचे पुढचे नशीब. वजन लिहिले तर वजनावर बोली, आणि बोली वजनावर असेल तर ती आटवण्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. जुन्या धातूच्या भांड्यांची दुरुस्ती आणि नोंद हे माझे काम, म्हणून थोरल्या भावाने बोलावले. तिघांची मते तीन दिशांना होती. थोरल्याला पेला घरातच राहायला हवा होता. पुण्यातल्या ताईंना वाटत होते, कान निखळायला आलाच आहे, तो काढून टाकून मूळचे भांडे मोकळे करावे. धाकटा भाऊ लिस्बनला असतो. पेला पोर्तुगीज आहे अशी त्याची खात्री, आणि तो तिकडेच नेण्याचा त्याचा विचार होता.

घरातली कथा अशी की पणजोबांना पोर्तुगीज गव्हर्नराने हा पेला बक्षीस दिला. किनाऱ्यावरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने फोटो पाहून तो इंग्लंडचा, दोनशे वर्षांपूर्वीचा, असे ठामपणे सांगितले होते. ओळखीच्या सराफाने कॅरेटमीटरवर, म्हणजे कस मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवून शेकडा ९२ च्या आसपास कस सांगितला आणि ‘स्टर्लिंगच दिसते’ अशी पुस्ती जोडली. कसाचा हा आकडाच सगळ्या गोंधळाचे मूळ होता, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

इंग्लंडची स्टर्लिंग चांदी म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. पोर्तुगालमध्ये १८८७ पासून दोन कस चालत, ९१६ आणि ८३३. आपल्याकडचा रुपया १८३५ नंतर १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे, म्हणजे हजारात सुमारे ९१७. पोर्तुगीज सरकारने १८८१ मध्ये काढलेली रुपिया त्याच वजनाची नि त्याच कसाची होती, कारण इंग्रजांशी झालेल्या करारानुसार दोन्ही नाणी सारखी चालायची होती. थोडक्यात, पोर्तुगालच्या उत्तम कसाची चांदी आणि फोंड्यातल्या शेटाने, म्हणजे सोनाराने, मुशीत आटवलेले रुपये यांच्यात कॅरेटमीटरला काही फरक दिसत नाही. त्यात आणखी एक गोष्ट. चांदीचे भांडे घडवताना ते पुनःपुन्हा तापवतात आणि दर वेळी आंबट पाण्यात उकळून वरचा काळेपणा काढतात. त्या आंबटाने पृष्ठभागातले तांबे निघून जाते आणि वरचा पापुद्रा आतल्या धातूपेक्षा शुद्ध होतो. यंत्र वरचा पापुद्राच वाचते. त्यामुळे ९१७ ची चांदी ९२ दाखवील, ९२.५ सुद्धा दाखवील. पेला कुठला, याचे उत्तर त्या आकड्यात नव्हते.

ठशांचा प्रश्न लवकर मिटला. इंग्लंडात चांदीच्या भांड्यावर चालत्या सिंहाचा ठसा १५४४ पासून मारतात. १७८४ ते १८९० या काळात त्याबरोबर कर भरल्याची खूण म्हणून राजाचे किंवा राणीचे शिर असे. शिवाय शहराचा, सालाचा आणि कारागिराचा ठसा. पोर्तुगालमध्ये १८८७ च्या आधी शहराच्या पारख्याची खूण, लिस्बनचा मुकुटाखालचा एल किंवा पोर्तोचा पी, आणि त्यानंतर रानडुकराचे मुंडके. या पेल्यावर यांतले काहीच नाही. काठाखाली, कानाच्या सांध्याशी, बैठकीच्या कडेला, कुठेही नाही. तिकडचे भांडे एवढे कोरे बाजारात येणे कठीण. आपल्याकडच्या घरगुती चांदीला मात्र ठसा क्वचितच असायचा. शेट ओळखीचा, चांदी आपली, रुपये मोजून दिलेले, मग ठसा कोणासाठी?

आता भांड्याकडे. उंची साधारण अकरा सेंटिमीटर, तोंड साडेनऊ. पोट किंचित फुगीर, वर काठ बाहेरच्या अंगाला वळलेला. खाली वर्तुळाकार पोकळ बैठक, तिच्यावर तिरक्या पाकळ्या. एका बाजूला वळणदार ओतीव कान, त्यावर अंगठा टेकायला पान. आत सोन्याचा मुलामा. दुरून पाहिले तर साहेबी मगच. जवळून पाहू लागलो तशी ही एकाच वेळी घडलेली वस्तू नाही हे कळत गेले.

पोट घडीव आहे. एका गोल पत्र्यापासून, कुठेही सांधा न घेता, ऐरणीवर ठोकत ठोकत उभे केलेले. उजेड तिरका धरला की आतल्या मुलाम्याखालून हातोडीच्या मठाराच्या चकत्या दिसतात. बुडाच्या मध्यापासून वर काठापर्यंत त्या वळत चढतात, कारण कारागीर भांडे हातात फिरवत एकेक घाव शेजारी बसवत जातो. बुडाच्या बरोबर मध्यावर एक टोचा आहे. तिथे कैवाराचे (कंपासचे) टोक टेकवून तो मधूनमधून गोलाई तपासत होता. चरकावर दाबून केलेल्या भांड्यात हे दिसत नाही, तिथे एकात एक वर्तुळाकार रेघा उमटतात. काठ विशेष पाहण्यासारखा. तार वळवून जाड केलेला नाही. पत्र्याची कडच वरून ठासून जाड केली आहे आणि मग बाहेर वळवली आहे. हे कष्टाचे काम, कारण कड ठासताना चांदी कडक होऊन तडकते, दर काही घावांनंतर ताव द्यावा लागतो. एवढे करूनही काठ सगळीकडे सारख्या जाडीचा ठेवला आहे. हे काम ज्याने केले त्याच्या हातात पिढ्यांचा सराव होता, असे मी नोंदीत लिहिले आणि ते शब्द तसेच राहू दिले.

काठ असा बाहेर का वळवायचा? आपल्या घरांत पाणी वरून पीत, भांड्याला ओठ लावत नसत. काठ बाहेर वळलेला असला की धार स्वच्छ तुटून पडते, बाहेरच्या अंगाने ओघळत नाही. फुलपात्र, पेला, तांब्या या सगळ्यांच्या काठात हीच अक्कल आहे. अशा भांड्याला कान लागत नाही. हाताच्या पंजात पोट मावते, ते तिरके करायला मनगट पुरते. या पेल्याचे पोट पंजात नेमके बसते. काठाखाली वेलीची पट्टी आहे, ती कोरून काढलेली नाही, बोथट ठशांनी ठोकून बसवलेली आहे. ही पट्टी सलग गोल फिरते आणि कानाच्या वरच्या सांध्याखालून जाते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना वेलीचे अर्धे पान दिसते, मधले झाळेखाली, म्हणजे सांधा जोडणाऱ्या धातूखाली, बुजले आहे. नक्षीकाराला कान लागणार हे ठाऊक असते तर त्याने तिथे जागा सोडली असती.

बुडावर आणखी मोठा पुरावा मिळाला. आपल्याकडे भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालायची रीत आहे, कार्याला भांडी इकडून तिकडे जातात म्हणून. या पेल्याच्या बुडावर मोडीत दोन ओळी आहेत. बैठकीचे कडे त्या ओळींच्या मधून गेले आहे. नावाची पहिली अक्षरे कड्याबाहेर, पुढची कड्याखाली, उरलेली आत. आतल्या बाजूला ‘भार २४’ एवढे स्वच्छ वाचता येते. बुडावरचे जुने ओरखडेही तसेच. दगडी ओट्यावर भांडे वर्षानुवर्षे सरकवल्याचे ते ओरखडे कड्याच्या एका बाजूने येतात, झाळेखाली शिरतात आणि पलीकडून निघतात. म्हणजे बैठक लागण्याआधी हा पेला बराच काळ आपल्या बुडावरच उभा राहत होता.

‘भार २४’ चा हिशेब करून पाहिला. एक भार म्हणजे एका रुपयाचे वजन. ११.६६ ग्रॅम गुणिले २४ म्हणजे जवळजवळ २८० ग्रॅम. आजचे एकूण वजन ३६४. उरले ८४ ग्रॅम, ते भरीव कान आणि पोकळ बैठक यांना बेताचेच आहेत. कारागिराला दिलेले आणि त्याने परत आणलेले वजन घरातल्या माणसाने भांड्यावरच घालून ठेवले. त्यामुळे आज कान न उपटता मूळ पेल्याचे वजन सांगता येते. ताईंना हे दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “मग कान काढला तर चोवीस भाराचा पेला जसाच्या तसा मिळेल ना?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर कानाच्या तपासणीतून द्यावे लागले.

कान ओतीव आहे. साच्याची जोडरेघ आतल्या अंगाला कानशीने घासून काढली आहे, तरी बोटाला लागते. अंगठ्याच्या पानावरच्या शिरा चंद्रकोरीच्या ठशाने ठोकल्या आहेत. भिंगातून पाहताना लक्षात आले की त्या ठशाच्या डाव्या टोकाचा टवका उडालेला आहे. प्रत्येक कोरीच्या डाव्या अंगाला तीच तुटकी कड. थोरल्या भावांना विचारले, घरात याच सुमाराचे आणखी काही चांदीचे आहे का? त्यांनी एक गुलाबदाणी काढून आणली. तिच्या मानेवरच्या पानांत तीच चंद्रकोर, तोच डावीकडचा टवका. दोन्हींचे मोठे फोटो काढून शेजारी ठेवले, मापे घेतली. ठसा एकच. गुलाबदाणीच्या बुडावर ‘शके १८१२’ घातले आहे, म्हणजे इसवी सन १८९० किंवा १८९१ चा आरंभ. ठशाचा टवका वाढत जातो, कारागीर तो कधीतरी घासून नीट करतो किंवा टाकून देतो. त्यामुळे दोन्ही कामे फार अंतराने झालेली नाहीत. कान आणि बैठक १८९० च्या आसपासची, त्याच शेटाच्या हातची. पोट त्याआधीचे, बुडाची झीज पाहता निदान एका पिढीने जुने. ओळीत लिहिलेला भार ११.६६ ग्रॅमच्या रुपयाशी जमतो, म्हणून पोट एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळातले धरणे योग्य.

आता मुलामा. हा पाऱ्याचा मुलामा आहे. सोने पाऱ्यात कालवून तो लगदा भांड्याला लावायचा आणि तापवून पारा उडवायचा, ही जुनी रीत. विजेने मुलामा देण्याची पद्धत १८४० च्या सुमारास इंग्लंडात बाजारात आली, पण गावोगावच्या कारागिरांनी जुनी रीत पुढेही चालू ठेवली. प्रयोगशाळेत तपासल्यावर सोन्याबरोबर पाऱ्याचा अंश मिळाला. रंगही तसाच, दाट आणि ऊबदार. कानाच्या वरच्या सांध्यामागे आत हा मुलामा अखंड आहे. पक्की झाळ द्यायला चांदी वितळण्याच्या जवळ तापवावी लागते. मुलामा आधीचा असता तर तिथे तो करपून डाग पडला असता. म्हणजे आधी कान, मग मुलामा.

आत सोने कशाला? पाण्यासाठी त्याची गरज नाही. आंबट पेयाला चांदीची चव लागते आणि चांदी काळवंडते, सोन्याला काही होत नाही. चर्चमधल्या कॅलिसची (प्रार्थनेतल्या वाइनच्या पवित्र पेल्याची) वाटी आतून सोनेरी असावी असा नियम होता, त्यामुळे गोव्यातल्या चांदीच्या कारागिरांना हे काम शतकानुशतके ठाऊक होते. ज्या शेटांनी अंत्रुजातल्या, म्हणजे फोंड्याच्या परिसरातल्या, देवळांच्या पालख्या नि प्रभावळी मढवल्या, त्यांच्याच जातभाईंचे हात चर्चच्या चांदीलाही लागले. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमधली संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात जाऊन कॅलिसच्या पायांवरच्या पाकळ्या पाहिल्या, की या पेल्याच्या बैठकीवरच्या तिरक्या पाकळ्या कुठून आल्या ते कळते. इथला कारागीर पाश्चात्त्य वळण परके म्हणून नक्कल करत नव्हता, ते त्याच्या हातातले झाले होते.

सगळे एकत्र ठेवले की पेल्याची वाट स्पष्ट होते. घरातल्या माणसांसाठी, वरून पाणी पिण्यासाठी एक उत्तम पेला घडवला गेला. पुढे त्याच घराला असे पाहुणे येऊ लागले जे ओठ लावून पितात आणि ज्यांना वाइन द्यावी लागते. फोंडा १७६३ पासून पोर्तुगीज अमलाखाली होता, गावच्या मातब्बर घराचे अधिकाऱ्यांशी येणेजाणे असणारच. मातीचे भांडे उष्टे झाले तर टाकावे लागते, चांदी घासून शुद्ध होते. म्हणून नवा मग न घेता आपल्याच पेल्याला कान लावला, खाली बैठक दिली, आतून सोने चढवले. गव्हर्नराने दिलेला पेला ही कथा भांड्याशी जुळत नाही. पण अशा पाहुण्याची आठवण त्या कथेत राहिली असावी, हे मी थोरल्या भावांना सांगितले आणि त्यांना ते पटले.

म्हणून ताईंना सांगितले, ताई, कान काढू नका. कान काढून जे हाती येईल ते १८६० चे भांडे नसेल. झाळेचे दोन चट्टे, कापलेली मोडी अक्षरे आणि आतला पाहुण्यांसाठीचा मुलामा घेऊन एक जखमी पेला राहील. दोन पिढ्यांनी एकाच भांड्यावर केलेले काम आणि त्यातून दिसणारे त्या घराचे वागणे हेच या वस्तूचे मोल आहे. दोन्ही काम एकाच घरासाठी, एकाच भागातल्या शेटांच्या हातून झाले. त्यातले एक खरे आणि दुसरे खोटे असे म्हणता येत नाही.

खालचा सांधा मात्र सुटला होता, आणि तिथे धोका होता. विसाव्या शतकात कधीतरी कोणीतरी तो शिसे-कथलाच्या कच्च्या डागाने चिकटवला होता. त्याचे कारण समजण्यासारखे आहे, कमी आचेवर काम झाले की मुलामा वाचतो. पण तो डाग सुटल्यावर सराफाने गॅसच्या ज्योतीने पक्की झाळ देऊन टाकतो असे सुचवले होते. हे कोणीही करू नये. शिसे चांदीच्या सान्निध्यात तापले की ते चांदीत उतरते आणि पत्र्याला खड्डे पाडत आरपार जाते. शिवाय आतला मुलामा करपतो. शिसे कणभर जरी राहिले तरी मोठी आच देता येत नाही. आम्ही जुना डाग भिंगाखाली लाकडी आणि धातूच्या बारीक कोरण्यांनी खरवडून काढला, आच अजिबात दिली नाही. वरचा मूळ सांधा घट्ट आहे. खालच्या टोकाला पुढे सहज सुटेल अशी ॲक्रिलिक राळ लावून कान स्थिर केला. याचा अर्थ पेला कानाला धरून उचलायचा नाही, दोन्ही हातांनी पोटाला धरून उचलायचा. ही अट नोंदीत लिहिली आहे.

घासण्याबद्दल घरातल्या बायकांशी बोललो, कारण चांदी त्यांच्या हातून जाते. चिंच-मीठ, रांगोळी, दातांची पूड, बाजारातली डिपची बाटली, सगळे बंद. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा हा मळ समजू नये, त्यानेच वेल उठून दिसते. अगदी गरज पडली तर पाण्यात कालवलेली मऊ खडूची पूड, मऊ सुती फडके, फक्त उंच भागावर, मुलाम्याला तीही नाही. पावसाळ्यात गोव्याची दमट, खारट हवा चांदीला सोसत नाही. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात. रबरबँड आणि लोकरीचे कापड जवळपास नको, दोन्हींत गंधक असते आणि त्यानेच चांदी काळी पडते.

लिस्बनच्या भावाशी फोनवर बोलणे झाले. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पेल्याचा सगळ्यात नवा भागसुद्धा १८९० चा, त्यामुळे इथे पळवाट शोधण्याजोगे काहीच नव्हते. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. त्याला हवे होते ते म्हणजे पणजोबांच्या नावाची अक्षरे. बुडाचे तिरक्या उजेडातले फोटो आणि मोडी वाचनाची प्रत त्याला पाठवली.

शेवटी अडचण आली ती वेगळीच. यादीत पेला एका नगात आणि गुलाबदाणी दुसऱ्या नगात होती, दोन्ही वेगवेगळ्या वाट्याला जाणार होत्या. पेल्याच्या कानाचे साल ज्या वस्तूवरून ठरले ती वस्तू त्याच्यापासून तुटली असती, तर पुढे कोणी हा पुरावा पुन्हा तपासू शकले नसते. वकिलांशी बोलून तिघांनी संमती दिली आणि यादी दुरुस्त झाली. आता एकाच नगात दोन्ही वस्तू आहेत. वर्णनात पोट, कान, बैठक, मुलामा, मोडी ओळी, भार आणि टवक्याचा ठसा यांची वेगवेगळी नोंद आहे, आणि वजन अगदी शेवटी. बोलीत जोडी थोरल्या भावांकडे गेली. ताईंच्या वाट्याला देवघरातली बाकी चांदी आली, आणि तिच्यावरची नावे व भारही तसेच टिपून द्या, असे त्यांनीच सांगितले. ते काम चालू आहे.